सगळ्यात हुशार अभियंता गल्लीत पाठवा

शहरातलं सगळ्यात अवघड बांधकाम कोणतं, असं विचारलं की लोक वर बघतात. सागरी सेतू, मेट्रोचे खांब, पन्नास मजली टॉवर. मी खाली बघायला सांगतो. चार फुटांची गल्ली, तिच्या कडेचं गटार, त्या गटारातून गेलेले पाण्याचे नळ आणि दोन्ही बाजूंची शंभर घरं. इथलं काम नीट करून दाखवणं मेट्रोच्या खांबापेक्षा अवघड आहे. पटत नसेल तर हिशेब मांडू.

मेट्रोच्या खांबाला जागा आधी मोकळी करून मिळते. मातीची तपासणी होते. वाहतूक वळवतात, पत्रे लावतात, क्रेन येते, सल्लागार नकाशांवर नकाशे देतात. गल्लीत यातलं काय मिळतं? दोन्ही बाजूंना अर्ध्या विटेच्या भिंती, त्यांना पाया नावापुरता. जमिनीखाली कोणती पाइप कधी पडली याची नोंद कुणाकडे नाही. जेसीबी आत शिरत नाही. खणलेली माती ठेवायला जागा नाही. सिमेंटची गोणी मुख्य रस्त्यावरून डोक्यावर आणायची. आणि काम चालू आहे म्हणून गल्ली बंद ठेवता येत नाही, कारण शाळेचा, कामाचा आणि संडासचा रस्ता तोच एक आहे.

आता सांगा, जास्त अक्कल कुठं लागते? आणि आपण जास्त अक्कल कुठं पाठवतो?

गल्लीत जातो तो नुकताच रुजू झालेला कनिष्ठ अभियंता. त्याच्या डोक्यावर त्याच वॉर्डातली आणखी दहा कामं. त्याच्याआधी ठेकेदाराचा मुकादम पोचलेला असतो आणि खरा आराखडा मुकादमाच्या डोक्यात असतो. २०११च्या जनगणनेत मुंबईतली दहातली चार माणसं झोपडपट्टीत मोजली गेली. दहातल्या चार माणसांचं पाणी, मैला आणि पाऊस आपण मुकादमावर सोडला आहे. माझं म्हणणं एकच आहे: वस्तीतलं काम छोटं नाही, ते सर्वांत कठीण आहे. तिथं सर्वांत कसलेली माणसं पाठवा, त्यांना वेळ द्या आणि काम संपल्यावर त्यांना पळू देऊ नका.

आता एकेक मुद्दा.

उतार

गटाराचं सगळं शास्त्र उतारात आहे. जुना ठोकताळा असा, की सहा इंची मैलापाण्याच्या पाइपला १:६० उतार हवा. म्हणजे ६० मीटर लांबीच्या गल्लीत पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ मीटर खाली उतरली पाहिजे. पाइपवरचं मातीचं आवरण धरलं, तर गल्लीच्या शेवटी चर दीड मीटरच्याही खाली जातो. बिनपायाच्या भिंतीला लागून एवढं खणलं तर भिंत चरात येईल. मग काय होतं? कुणी खणतच नाही. हात पोचेल तेवढं खणायचं, पाइप सपाट टाकायची, वरून कोबा करायचा. बिल निघतं. पुढच्या पावसाळ्याआधीच चेंबर तुंबतं आणि वस्तीवर शिक्का बसतो, ‘हे लोक कचरा टाकतात.’

कचरा पडतो, हे खरं. पण उतार नसलेली पाइप कचरा न पडताही तुंबते. मैला पुढं ढकलायला पाण्याला वेग लागतो, साधारण सेकंदाला ०.६ मीटर. तेवढा वेग मिळाला नाही तर गाळ बसणारच, मग गल्लीत कितीही शिस्तीची माणसं राहोत.

दोष एकट्या ठेकेदारावर ढकलून सुटता येत नाही. दोष नियमाच्या आंधळ्या वापरात आहे. रस्त्याखालच्या पाइपवर जाड आवरण लागतं, कारण वरून ट्रक जातात. ज्या गल्लीत हातगाडी शिरत नाही, तिथं ट्रकच्या वजनाचा नियम कशाला? हाच प्रश्न ब्राझीलमधल्या जोझे कार्लोस दि मेलो या अभियंत्यानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विचारला. नाताल शहरातल्या गरीब वस्त्यांत त्यांनी पाइप उथळ नेली, घरांच्या परसातून आणि पायवाटेखालून. व्यास चार इंचांवर आणला. पाणी पाइपच्या तळाला किती जोरानं घासून जातं, याचं गणित मांडून १:२०० च्या आसपासचा उतारही चालतो, असं तिथल्या अभियंत्यांनी दाखवलं. आता आपल्या ६० मीटरच्या गल्लीत तो उतार लावून पाहा. १ मीटरच्या जागी ३० सेंटिमीटर. चर गुडघ्याएवढा. भिंती जागच्या जागी. पुढं ब्राझिलिया या राजधानीच्या शहरात १९९०च्या दशकात हीच पद्धत गरिबांच्या आणि श्रीमंतांच्या भागांत सारखीच वापरली गेली. गरिबांसाठी शोधलेली चांगली अभियांत्रिकी सगळ्यांच्या कामाला येते, याचा हा पुरावा आहे.

एक अट मात्र त्या पद्धतीत पक्की होती. पाइप टाकण्याआधी त्या रांगेतल्या सगळ्या घरांनी एकत्र बसायचं, मार्ग ठरवायचा, देखभाल कुणाची ते ठरवायचं. उथळ पाइप कमी चुका सहन करते. म्हणून तिथं कागदावरचा अभियंता चालत नाही, दारात उभा राहणारा लागतो.

लादी

वस्तीतलं सगळ्यात लाडकं काम म्हणजे लादी. नगरसेवक निधी, आमदार निधी, कुठलाही निधी असो, आधी लादी. झटपट होते, दिसते, पाटी लावता येते.

जुनी लादी उखडून मलबा बाहेर नेणं महाग पडतं. म्हणून भिंतीला रंगाचा नवा हात द्यावा तशी जुन्या लादीवरच नवी बसते. दर खेपेला गल्ली तीन-चार इंच वर चढते. चार खेपा झाल्या की फूटभर. घराचं जोतं मात्र होतं तिथंच राहतं. जे पाणी पूर्वी गल्लीतून वाहून जायचं ते आता उंबऱ्यावरून आत येतं. मग घरवाले कर्ज काढून घर उचलतात. आत भराव घालायचा, कोबा वर घ्यायचा, त्यामुळे डोकं छताला लागतं, म्हणून पत्रा वर घ्यायचा. निधीतून झालेल्या एका कामाची खरी किंमत शंभर घरांनी आपापल्या खिशातून भरलेली असते. ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

याच्या बरोबर उलटा विचार इंदूरमध्ये झाला. हिमांशु पारिख या अभियंत्यानं १९८९ पासून तिथल्या वस्त्यांत काम केलं. त्यांचा नियम साधा होता: रस्ता भराव घालून उंच करायचा नाही, खणून घरांपेक्षा खाली ठेवायचा. म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरूनच वाहून जातं, वेगळ्या मोठ्या गटाराची गरज कमी होते. दुसरी गोष्ट त्यांनी पाहिली ती त्याहून मोठी. झोपडपट्ट्या बहुतेक वेळा ओढ्या-नाल्यांच्या काठी वसतात. म्हणजे शहराच्या नैसर्गिक पाणवाटा त्यांच्यातून जातात. मग साऱ्या शहराची, पंप न लावता उतारानं वाहणारी मलवाहिनी नेण्याचा सर्वांत सोपा मार्गही तिथूनच जातो. वस्तीला शहराची अडचण समजण्याऐवजी त्यांनी तिला शहराच्या सांडपाण्याच्या जाळ्याचा मधला दुवा केलं. १९९८ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर धडा अर्धाच राहतो. नियोजनकार गीता देवान वर्मा यांनी या प्रकल्पावर कडक टीका केली. वाहिन्या तुंबल्या, मैला उलटा येऊ लागला, असे प्रश्न पुढं आले. कारण समजण्यासारखं आहे. मलवाहिनीला वाहायला पाणी लागतं. ज्या घरात दिवसाला दोन-चार हंडे पाणी येतं तिथून मैला ढकलायला पाणी कुठून येणार? पाइप आणि नळ ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. एक टोक सोडलं की दुसरं वाया जातं. आणि देखभालीला मालक नसेल तर पुरस्कार मिळालेली पाइपही तुंबते.

टाकी

फेब्रुवारी २०१७. मानखुर्दमध्ये सार्वजनिक शौचालयाची जमीन खचली, माणसं खालच्या सेप्टिक टाकीत पडली, तिघं गेले. एप्रिल २०१८. भांडुपमध्ये तेच. दोघं गेले. सकाळी संडासला गेलेली माणसं मैल्याच्या टाकीत बुडून मरतात, हे एकविसाव्या शतकातल्या मुंबईत घडलं.

टाकीच्या वरच्या स्लॅबचं काय होतं, हे अभियंत्यांना चांगलं माहीत असतं. बंद टाकीत मैला कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. टाकीच्या ओलसर छतावर जिवाणू त्या वायूचं सल्फ्युरिक आम्ल करतात. आम्ल काँक्रीट खातं, मग आतली सळई गंजते. वरून सारं ठणठणीत दिसतं, फरशीसुद्धा चकचकीत असते, आणि खालून स्लॅब पातळ होत जातो. यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. वायू बाहेर जायला पुरेशी उंच नळी, सळईवर काँक्रीटचं जास्त आवरण, वेळच्या वेळी टाकी उपसणं, काही वर्षांनी स्लॅबची तपासणी. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे टाकी माणसाच्या पायाखाली ठेवायचीच नाही, बाजूला घ्यायची. जागा नाही म्हणून ती खाली घ्यावीच लागली, तर त्या स्लॅबची तपासणी तारीख घालून भिंतीवर लिहा.

आता टाकीची जागा. नकाशावरची ही एक रेघ माणसाचा जीव ठरवते. उपसणारी गाडी मुख्य रस्त्यावर उभी राहते. तिची नळी जिथवर पोचते तिथवरच यंत्र काम करतं. टाकी त्याच्या पलीकडे बांधली की आत माणूस उतरतो. हातानं मैला साफ करवून घेण्यावर २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, ठीक आहे. पण त्या माणसाला टाकीत कुणी उतरवलं? मुकादमानं उतरवलं, आणि त्याच्या कितीतरी आधी त्या अभियंत्यानं उतरवलं, ज्यानं नकाशावर टाकी नळीच्या टप्प्याबाहेर काढली. नकाशावर सही करताना गाडी कुठं उभी राहणार आणि नळी कशी जाणार हे दाखवल्याशिवाय शौचालयाला मंजुरी देऊ नका. एवढा एक नियम केला तरी माणसं वाचतील.

सीटांचा हिशेबही तसाच. स्वच्छ भारत अभियानाचं प्रमाण ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ स्त्रियांमागे एक सीट असं आहे. स्त्रियांना जास्त सीटा द्यायच्या, हे कागदावर मान्य आहे. पण जागेवर जाऊन पाहा. दोन्ही बाजूंना सारख्याच सीटा, त्यातल्या बायकांच्या बाजूच्या दोन बंद, दाराला कडी नाही, दिवा फुटलेला, आणि पाणी बाहेरून बादलीनं आणायचं. म्हणजे रात्री आठनंतर ते शौचालय अर्ध्या वस्तीसाठी बंदच झालं.

ज्यांनी आधी विचारलं त्यांची बांधणी वेगळी झाली. मुंबईत स्पार्क ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली. तिच्यासोबत ‘महिला मिलन’ आणि जोकिन अर्पुतम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ. बायकांशी बोलून त्यांनी शौचालयांचे आराखडे केले. स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या. लहान मुलांसाठी कमी खोल, उघडी, वेगळी जागा, कारण मोठ्यांच्या रांगेत मूल मागं ढकललं जातं आणि मग गटाराकाठी बसतं. पाण्याची टाकी आवारातच. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला वरती खोली, म्हणजे इमारत रात्रीही कुणाच्या तरी नजरेखाली. पुण्यात १९९९ पासून तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी हे काम शहरभर नेलं. संस्थांना बांधकाम आणि देखभाल दोन्ही दिली, दर आठवड्याला सगळ्यांना एका टेबलावर बसवून आढावा घेतला. मोठ्या अधिकाऱ्यानं दर आठवड्याला संडासाचा हिशेब घेतला की संडास बांधले जातात. यात गूढ काही नाही.

नळ

मुंबईचं पाणी भातसा-वैतरणेच्या खोऱ्यांतून, १०० किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावरून येतं. एवढा लांबचा पल्ला आपल्या अभियंत्यांनी दिमाखात पार केला. शेवटचे शंभर मीटर राहिले.

त्या शंभर मीटरांत काय दिसतं? बोटाएवढ्या जाडीचे नळ, जुडगेच्या जुडगे, गटाराच्या कडेनं किंवा थेट गटारातूनच. पाणी दिवसातून काही तास येतं. चावीवाला झडप उघडतो, पाणी येतं, झडप बंद होते. बंद झाली की नळ रिकामा होतो आणि जिथं जोड सैल आहे, गंज चढला आहे, तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर गटार आहे. कुणी पाण्याला मोटर लावली की ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी, आणि आठवड्याभरात घराघरात जुलाब. दवाखान्यातला डॉक्टर ‘पाणी उकळून प्या’ म्हणतो. गॅसचा सिलिंडर कितीला पडतो, हे त्या बाईला विचारा.

उपाय अवघड नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत एकच जाड, पक्की वाहिनी आणायची. तिथून छोटे जोड, गटाराच्या वरच्या पातळीवरून, भिंतीला धरून. गळती दिसेल अशी वाहिनी ठेवली की गळती बंद होते. पण यासाठी एका पाइपच्या मागं शंभर वेगवेगळे अर्ज, शंभर वेगवेगळे प्लंबर असून चालत नाही. पूर्ण गल्लीचा एक आराखडा लागतो.

आणि प्रमाण? महापालिकेच्या हिशेबात इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. तहान तीच, आंघोळ तीच, भांडी तीच. या फरकाला अभियांत्रिकीचा कुठलाही आधार नाही, तो धोरणाचा भाग आहे. तो धोरणानंच काढावा लागेल.

भिंत

मुंबईच्या टेकड्यांवर, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, चेंबूर, मालाड, पावसाळा आला की लोक वर बघत झोपतात. २००० च्या जुलैमध्ये घाटकोपरला दरड कोसळून कित्येक माणसं गेली. २०१९ च्या जुलैमध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर पडली, ३० जणांचे तरी जीव गेले. २०२१ च्या जुलैमध्ये चेंबूरच्या वाशीनाक्याला पुन्हा भिंत, पुन्हा मृत्यू.

संरक्षक भिंत मातीच्या वजनानं जितकी पडते त्याहून जास्त मागं साचलेल्या पाण्यानं पडते. म्हणून भिंतीत पाणी बाहेर पडायची भोकं ठेवतात आणि भिंतीमागं खडीचा थर देतात. भोकं बुजली की भिंतीमागं तलाव तयार होतो. पावसाळ्याआधी ही भोकं मोकळी आहेत का, हे एक काठी घेऊन तपासता येतं. त्याला ना निविदा लागते ना सल्लागार. वस्तीतल्या चार पोरांना शिकवा, हातात यादी द्या, मे महिन्यात त्यांच्याकडून नोंद घ्या, त्यांना मजुरी द्या. वॉर्ड ऑफिसनं त्या नोंदीवर सही करावी. हे काम इतकं स्वस्त आहे की ते न करण्याला सबबच उरत नाही.

नकाशा

ज्या वस्तीचा नकाशा नाही तिचं काम अंदाजानं होतं. पुण्यात वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी १९९३ मध्ये शेल्टर असोसिएट्स ही संस्था उभी केली. तिच्या कामाचा कणा म्हणजे घरोघरची नोंद आणि नकाशा: कोणत्या घरात शौचालय आहे, कोणत्या घरात नाही, मलवाहिनी कुठून जाते, ती कुठं तुटली आहे. असा नकाशा हाती आला की कळतं, की कितीतरी घरांपासून वाहिनी अगदी जवळ आहे. म्हणजे तिथं पुन्हा एकदा सार्वजनिक शौचालय बांधायची गरज नाही, घरातच संडास होऊ शकतो. संस्था दारात साहित्य पोचवते, मजुरी घरवाले उभी करतात. नकाशानं पैसा वाचवला आणि बायकांची पहाटेची रांगही वाचवली.

कराचीतल्या ओरंगी वस्तीची गोष्ट आपल्याकडे जेवढी सांगितली जावी तेवढी सांगितली जात नाही. अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये तिथं काम सुरू केलं. तत्त्व असं, की घरातला संडास आणि गल्लीतली पाइप लोकांनी स्वतःच्या पैशानं टाकायची, मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारनं करायचं. गल्लीतली वीस-तीस घरं एक गट, गटाचा एक प्रमुख, पैसा त्याच्याकडे. संस्था पैसा देत नाही, ती लेव्हल काढून देते, नकाशा देते, मॅनहोलचे लोखंडी साचे वापरायला देते. मधला ठेकेदार गेला आणि खर्च कित्येक पटींनी खाली आला. लोकांना पाइप टाकायला पैसा कमी पडत नव्हता, तांत्रिक सल्ला कमी पडत होता. परवीन रहमान या वास्तुविशारदानं हे काम पुढं नेलं, वस्तीतल्याच पोरांना मोजणी शिकवली, शहरातल्या नाल्यांचे आणि जमिनींचे नकाशे उभे केले. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. वस्तीचा खरा नकाशा काढणं किती धोक्याचं असू शकतं, हे त्यावरून कळतं. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, कोण विकतं, हे सगळं नकाशावर उघडं पडतं.

‘पण ते अनधिकृत आहेत’

हे वाक्य दर बैठकीत येतं. उत्तरं तीन.

पहिलं, कायद्याचं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी कोणत्या तारखेची आहे, यावर तो नाकारता येत नाही. पाणी हक्क समितीनं हा लढा दिला होता. २०२२ मध्ये महापालिकेनं ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. तारखेचा वाद घर पाडायचं की नाही यासाठी करा. तहानेसाठी करू नका.

दुसरं, शहराचं. मैला अनधिकृत नसतो. वस्तीत वाहिनी नसेल तर तो नाल्यात जातो, नाल्यातून मिठी नदीत आणि मिठीतून माहीमच्या खाडीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यानं कुणाचं घर अधिकृत हे विचारलं नाही.

तिसरं, पैशाचं. अहमदाबादमध्ये १९९५ पासून महापालिकेनं ‘परिवर्तन’ योजना केली. दर कुटुंबानं २,००० रुपये द्यायचे, बदल्यात नळ, मलवाहिनी, शौचालय, रस्ता, दिवा. सोबत महापालिकेचं लेखी वचन, की पुढची १० वर्षं वस्ती हटवणार नाही. ‘सेवा’ या महिला संघटनेच्या बँकेनं बायकांना पैसे साठवायला आणि कर्ज घ्यायला मदत केली. लोकांनी पैसे भरले. गरीब माणूस फुकट मागतो, हा समज त्यांनी खोटा ठरवला. उद्या बुलडोझर येणार नाही एवढी खात्री दिली की गरीब माणूस स्वतःच्या दारातल्या गटारात पैसा घालतो.

आता काय करायचं

पहिली मागणी अभियांत्रिकी कॉलेजांकडे. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. दीडशे वर्षांच्या आसपासची परंपरा असलेल्या संस्थांनी स्थापत्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक सत्र एका वस्तीत द्यावं. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल कशी काढतात हे गवंड्याकडून शिकावं. एका गल्लीचा उतार मोजावा, चेंबरं उघडून पाहावीत, पावसात पाणी कुठं थांबतं हे तिथल्या मावशीला विचारून नकाशावर खूण करावी. तिला ते प्रत्येक वर्षाच्या पावसासकट माहीत असतं. पदवीच्या वेळी तो नकाशा वॉर्ड ऑफिसला द्यावा.

दुसरी मागणी महापालिकांकडे. वस्तीच्या कामाला वेगळा, वरिष्ठ अभियंता द्या, बदली तीन वर्षं करू नका. आराखड्याशिवाय काम नाही. लादीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात जुनी लादी उखडण्याचा आणि मलबा वाहून नेण्याचा खर्च धरा. डोक्यावरच्या वाहतुकीची मजुरी धरा, म्हणजे ती सिमेंट कमी घालून वसूल होणार नाही. शौचालय बांधणाऱ्याच्या करारातच तीन वर्षांची देखभाल घाला, आणि शेवटचा हप्ता वस्तीतल्या बायकांच्या समितीच्या सहीनंतर द्या. बांधणारी संस्था वेगळी, चालवणारी वेगळी आणि दुरुस्तीला कुणीच नाही, हा घोळ एकदाचा मिटवा.

तिसरी मागणी तुमच्याकडे, वाचणाऱ्यांकडे. तुम्ही वस्तीत राहत असाल किंवा शेजारच्या इमारतीत, तुमच्या वॉर्डातलं काम तुम्हाला तपासता येतं. माहिती अधिकार कायदा २००५ फक्त कागद मागण्यापुरता नाही. त्यात सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. अंदाजपत्रक मागा, मोजमाप पुस्तिका मागा, जागेवर उभं राहून ताडून पाहा.

आणि पुढच्या वेळी लाद्यांचा ट्रक मुख्य रस्त्यावर येऊन उभा राहिला की तीन प्रश्न विचारा. पाणी कुठल्या टोकाला जाणार आणि उतार किती? जुनी लादी निघणार की तिच्यावरच बसणार? तीन वर्षांनी चेंबर तुंबलं तर फोन कुणाला करायचा? तिन्ही उत्तरं कागदावर, सहीनिशी मिळेपर्यंत एकही फावडं पडू देऊ नका.